लंगोटाची दुहेरी टीप

आमच्या अण्णांनी शिवलेल्या कपड्याचं कापड फाटायचं, पण शिवण उसवायची नाही. हे अण्णा स्वतः सांगत नसत, बंगळूरच्या चामराजपेटेतली गिऱ्हाइकंच सांगायची. शाळेच्या चड्ड्या, शिपायांच्या खाकी पँटी, लग्नाचे सफारी, सगळ्यांना तीच दुहेरी टीप. कापडाची कड दोनदा आत दुमडायची आणि तिच्यावरून जाड दोऱ्याच्या दोन ओळी जवळजवळ मारायच्या. दुकान पुढच्या खोलीत, घर मागच्या दोन खोल्यांत. दिवसभर पायमशीन चालू असलं की घरात बोलायचं ते ओरडूनच बोलावं लागे.

अण्णा रागीट होते, एवढं म्हणून भागणार नाही. ते मारकुटे होते. गिऱ्हाइकानं म्हणावं, गळा स्वल्प तंग झालाय, की अण्णा हसून 'सरी, सरी, करून देतो' म्हणायचे. गिऱ्हाईक पायरी उतरून गेलं की मागच्या खोलीत येऊन आईला मारायचे. वड्याचं तेल वांग्यावर. सात-आठ वर्षांचा असतानाच मला कळलं होतं की या घरात अण्णांच्या शिवणीला नाव ठेवायचं नाही. ठेवलं तर ठेवणाऱ्याला काही होत नाही, आईला होतं. माझ्या सगळ्या लहानपणात मी एवढी एकच अक्कल शिकलो आणि ती नीट पाळली.

नव्वदच्या दशकातली ती पहिली वर्षं. मी सोळा वर्षांचा, पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे, तरी घरात मराठीच बोलायचो आणि तीन गल्ल्यांपलीकडच्या गरडी मनेला तालीम म्हणायचो. मी पैलवान व्हावं हे अण्णांनी ठरवलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं. एका गिऱ्हाइकानं कधीतरी हसत म्हटलं होतं, शिंप्याच्या पोरानं सुईत दोरा ओवावा, कुस्ती त्याचं काम नाही. ते अण्णांच्या डोक्यात बसलं होतं. त्यातच आदल्या वर्षी देवीच्या जत्रेतल्या कुस्त्यांत एका चांगल्या पैलवानाचा लंगोट ऐन झोंबाझोंबीत फाटला. हजार माणसांनी शिट्ट्या मारल्या, तो मातीतच बसून राहिला. अण्णा त्या गर्दीत होते. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "माझ्या पोराचा लंगोट फाटणार नाही."

तालमीचे दोन रिवाज होते. नव्या पोराला पहिला लंगोट वस्ताद द्यायचे, तो वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेल्या धोतराच्या कापडाचा असे. आणि लंगोटाला बाईचा हात लागू द्यायचा नाही. ज्याचा त्यानं धुवायचा आणि तालमीतल्याच दोरीवर वाळत घालायचा. अण्णांनी पहिला रिवाज मोडला, दुसरा पाळला. दप्तरं शिवायला आणलेलं लाल जाड कापड होतं, त्यातून लंगोट बेतला आणि चारी कडांना आपली दुहेरी टीप मारली. मारुतीच्या तसबिरीपुढे ठेवून मग स्वतः माझ्या कमरेला बांधला. "ओढ," म्हणाले, "जीव खाऊन ओढ." मी ओढला. हलला नाही. अण्णा हसले. माझ्याकडे बघून ते असं क्वचित हसायचे, आणि मला फार आनंद झाला, तो मी आज नाकारणार नाही.

पहिल्याच दिवशी दोनशे बैठका मारल्या आणि जांघेत काचायला लागलं. दुसऱ्या दिवशी तिथे लाल पट्टा उठला. चौथ्या दिवशी कातडी सोलवटली आणि पाणी सुटलं. मांडी जिथे सुरू होते तिथे, दोन्ही बाजूंना, बरोबर शिवणीच्या रुंदीचा पट्टा. प्रत्येक बैठकीला ती शिवण त्याच जागेवरून वर जाई आणि खाली येई. तालमीच्या मातीत हळद, तेल आणि लिंबाचा रस घातलेला असतो. तो घामाबरोबर जखमेत उतरला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी रस्त्यानं फेंगडा चालायला लागलो. कॉलेजातली पोरं विचारायची, गाढवावरून आलास काय रे? अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात ते हेच. इथे वैद्याच्या जागी बाप होता.

तरीही मी गप्प राहिलो. 'अण्णा, टीप काचतेय' या तीन शब्दांनी मागच्या खोलीत काय होईल हे मला माहीत होतं. म्हणून स्वतःच उपचार सुरू केले. पावडरचा डबा अण्णांच्या फळीवर असायचा, तो कमी झाला तर विचारतील. मग मी दुकानातला कापडावर खुणा करायचा खडू घेतला, कुटून बारीक केला आणि फासला. शिंप्याच्याच पोराला सुचावं असं औषध. घामानं त्या खडूचा चिखल झाला, तो शिवणीत भरून वाळला आणि कानशीनं घासावं तसा मांडीवर घासू लागला. आगीतून फुफाट्यात. त्यानंतर देवघरातला कापूर तेलात घालून लावला. त्या वेळी मी न्हाणीत टॉवेल दातांत धरून भिंतीवर डोकं आपटलं, इतकंच सांगतो.

दुखण्यानं माणूस सोशिक होतो असं ज्यांनी लिहिलंय त्यांची जांघ कधी सोलली नसणार. मी चिडका झालो, मग दुष्ट झालो. मला जोडीला एक फळवाल्याचा मुलगा असायचा. गोरा, गुबगुबीत, हरला तरी हसणारा. एका सकाळी त्यानं मला उचलायला खालून लंगोटाची कड पकडली. पकड नियमाला धरून होती, चूक काहीच नव्हती. पण त्याच्या बोटांनी शिवण आणखी आत रुतली, आणि मी कोपर त्याच्या तोंडावर हाणलं. दात तुटल्याचं मला कोपरात कळलं. तो पडला. मी त्याच्या छातीवर बसलो आणि मुठीनं मारलं, एक, दोन, तीन. कुस्तीत मूठ वापरत नाहीत. त्याच्या नाकातोंडातलं रक्त लाल मातीत पडत होतं, नीट दिसतही नव्हतं. मला वाईट वाटलं नाही. तेवढ्या क्षणांपुरतं ते दुखणं दुसऱ्याच्या अंगात गेलं होतं आणि मला बरं वाटत होतं.

वस्तादांनी मला कानाला धरून उठवलं आणि अशी थप्पड दिली की मी मातीच्या हौद्याच्या कडेला जाऊन आदळलो. मुलाला डॉक्टरकडे पाठवल्यावर ते मला बाजूच्या खोलीत घेऊन गेले. साठीचे, डोंगरासारखे गृहस्थ. घरची भाषा कन्नड, आमच्याशी मोडकं मराठी बोलायचे, फक्त 'पोरा' म्हणायच्या ऐवजी 'मगा' म्हणायचे.

"सोड लंगोट."

मी सोडला. त्यांनी वाकून बघितलं. मग लंगोटाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"कोण शिवला?"

"बाजारातला आहे."

"खोटं बोलू नको मगा. अशी टीप या पेटेत एकच माणूस मारतो."

मी काय काय लावलं ते त्यांनी विचारून घेतलं आणि सगळं समजावून सांगितलं. चार दिवस बैठका बंद. कोमट पाण्यानं धुवायचं, घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं, खोबरेल लावायचं आणि वारा लागू द्यायचा. पावडर नाही, खडू नाही, कापूर तर नाहीच. लंगोट जुन्या कापडाचा आणि अंगाला शिवण लागणार नाही असा. "मी देतो एक," म्हणाले. "हा घालू नको परत."

"अण्णा दर रविवारी बघायला येतात. त्यांना दिसेल."

"मग मी बोलतो तुझ्या अण्णाशी."

"नको, वस्ताद. ते आईला मारतील."

वस्तादांच्या एका हातात अण्णा मावले असते. त्यांनी माझ्या खांद्यावरची माती झाडली आणि म्हणाले, "घरातली गोष्ट आहे. त्यात मी कसा पडू?" मला त्या माणसाचा इतका राग आला की त्यांच्या तेलाची बाटली मी तिथेच ठेवून आलो. अख्ख्या पेटेत आईला मार बसतो हे कोणाला माहीत नव्हतं? सगळ्यांना होतं, आणि सगळे अण्णांकडेच कपडे शिवत होते.

आईला कळलं ते चादरीवरून. चादरीवर पिवळे डाग आणि रक्त. तिनं मला स्वयंपाकघरात बसवून सरळ विचारलं आणि मी सरळ सांगितलं. ती रागावली नाही, रडली नाही. कडुनिंबाचा पाला खोबरेल तेलात उकळला, गाळून थंड केला. मला अण्णांची जुनी मऊ लुंगी दिली. "घरात हीच नेस, आत काही घालू नको." मग म्हणाली, "आण तो लंगोट इकडे."

"बाईचा हात लागत नाही त्याला."

"बाईचा हात न लागता एवढा झालास काय तू?"

दुपारी अण्णा कापड आणायला बाजारात गेले तेव्हा ती ब्लेड घेऊन बसली. एकेक टाका काढला. दुमडलेली कड उघडली, कापड रिठ्याच्या पाण्यात बुडवून दगडावर आपटून आपटून मऊ केलं आणि वाळल्यावर कड बाहेरच्या बाजूला वळवून हातानं सपाट टाके घातले. दुकानातली सगळी काजं, सगळी तुरपाई तिचीच असायची. तिच्या हाताचा टाका अण्णांच्या मशिनापेक्षा सरस होता, हे दोघांनाही माहीत होतं. टाके उसवताना ती म्हणाली, "त्यांना दिसलं तर दिसलं." काय होईल हे तिला ठाऊक होतं, मलाही होतं. मी तिच्या हातातून लंगोट काढून घेऊ शकलो असतो. मी घेतला नाही. इतकं दुखत होतं. बाकी कशाचीही सबब मी देऊ शकेन, या गोष्टीची नाही.

वस्तादांनी चार दिवस बैठका बंद करायला सांगितलं होतं, मी दोनच दिवस थांबलो, तरी खपल्या धरल्या. मऊ झालेला लंगोट अंगावर आहे की नाही कळत नसे. जन्मात पहिल्यांदा मला कुस्ती आवडली. फळवाल्याचा मुलगा काही परत आला नाही, मला नवा जोडीदार मिळाला.

मग रविवार आला. अण्णा नेहमीसारखे दाराजवळच्या बाकावर येऊन बसले. मी लंगोटावर वरून चड्डी ठेवायचा प्रयत्न केला, वस्ताद म्हणाले काढ. अण्णांबद्दल मी सांगितलेलं ते विसरले असतील, किंवा नसतील. जोडीदारानं मला खाली घेतलं आणि मी पालथा असताना मान वळवून बाकाकडे पाहिलं. अण्णा पुढे वाकून बघत होते. आपली टीप त्यांना रस्त्यापलीकडून ओळखू यायची, तर तिचं नसणं दहा हातांवरून का नाही दिसणार? ते उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. जोडीदाराच्या पकडीतून निघण्यातच माझी काही मिनिटं गेली, मग मी खुंटीवरची चड्डी ओढून चढवली आणि अंगाला माती तशीच घेऊन धावत सुटलो. मागून वस्तादांनी एकदा हाक मारली.

तीन गल्ल्या मी धावलो, तरी ते आधी पोचले होते. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत शिरलो. आई मशीन आणि भिंत यांच्यामध्ये पडली होती. कापड मोजायचा लाकडी गज मोडला होता आणि अण्णांच्या हातात त्याचा अर्धा तुकडा होता. आईचं कपाळ फुटलं होतं, रक्त डोळ्यात उतरलं होतं. अण्णा फार मोठ्यानं ओरडतही नव्हते. प्रत्येक फटक्याला एकच वाक्य. "माझी टीप उसवतेस? माझी टीप?"

पुढचं मला नीट आठवतं, कारण मी ते शिकल्याबरहुकूम केलं. त्यांचा वर गेलेला हात मागून पकडला, गर्रकन फिरून पुढे आलो, पाठ त्यांच्या छातीला लावली, कमर आत घातली आणि त्यांना खांद्यावरून फेकलं. धोबीपछाड. तालमीत खाली माती असते. दुकानात फरशी होती. अण्णांचा खांदा मशिनाच्या लोखंडी पायावर आपटला आणि सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तिथे मी थांबायला हवं होतं. मी त्यांच्या छातीवर गुडघा टेकवला आणि मारत सुटलो. किती मारलं हे सांगता येत नाही. प्रत्येक ठोशाला मला बरं वाटत होतं, फळवाल्याच्या मुलाच्या वेळी वाटलं होतं तसंच, फक्त कितीतरी पटीनं जास्त. आईनं माझे केस धरून मला मागे ओढलं. "सोड," ती म्हणत होती, "मरतील ते, सोड."

मी उठून उभा राहिलो. अण्णा खाली पडल्या पडल्या वर बघत होते. त्यांचा ओठ फाटला होता. चड्डी वर सरकून माझी मांडी उघडी पडली होती, धावण्यानं खपली निघून रक्त खाली आलं होतं. त्यांची नजर तिथे थांबली.

"हे कशानं झालं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाशी बोलतात तसा.

"तुमच्या टिपेनं."

"किती दिवस झाले?"

"महिना होत आला."

"मग सांगितलं का नाहीस?"

मी आईकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. ती पदरानं कपाळ दाबून भिंतीला टेकून बसली होती. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

त्यांचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे हात गळ्यात बांधलेला. आईच्या कपाळाला चार टाके पडले. आम्ही सगळीकडे सांगितलं, फळीवरचे कापडाचे गठ्ठे अंगावर पडले. एका घरात दोघांच्या अंगावर एकदम गठ्ठे कसे पडतात असं कोणी विचारलं नाही. शाळांच्या ऑर्डरी आल्या होत्या. मशीन आई चालवायची, इस्त्री आणि बटणं मी करायचो. गणवेश वेळेवर गेले. तालीम मी सोडली. वस्तादांनी दोनदा निरोप पाठवला, गेलो नाही. त्या वर्षीच्या जत्रेत मी नव्हतो.

मांड्या दहा-बारा दिवसांत बऱ्या झाल्या. अजून उन्हाळ्यात फार चाललो तर तिथे आधी लाली येते. मग मी खोबरेल लावतो, मऊ सुती घालतो आणि चालणं थांबवतो. यात काही विद्या नाही. जे घासतंय ते बाजूला करायचं आणि कातडीला कोरडं राहू द्यायचं, एवढंच वस्तादांनी सांगितलं होतं आणि एवढंच खरं आहे.

अण्णांनी त्यानंतर आईवर हात टाकला नाही. हात सुटल्यावरही नाही. मी घरात आलो की ते मशिनावर मान खाली घालून बसत. एकदा माझ्याशी न बोलता आईला म्हणाले, "पेटीत जुनं धोतर आहे, त्याला लागलं तर दे." समोरच्या घरातल्या अक्का मला रस्त्यात अडवून म्हणाल्या, "चांगलं केलंस मगा, कोणीतरी करायलाच हवं होतं." त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. मी छाती काढून चालायला लागलो. आईला आता या घरात कोणाची भीती नाही, हे आपण केलं, या सोळाव्या वर्षीच, असं मला वाटायचं आणि खूप छान वाटायचं.

असे दोनेक महिने गेले. एका सकाळी मला कॉलेजला उशीर झाला होता आणि न्हाणीतलं पाणी तापलं नव्हतं. "एवढंसुद्धा होत नाही का तुझ्यानं?" असं काहीसं मी मोठ्यानं बोललो असेन. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. टॉवेल तिच्या डोक्यावरच्या खुंटीला होता. मी तिच्यासमोर जाऊन तो घ्यायला हात वर केला.

तिच्या हातातलं सूप सुटलं. दोन्ही हात डोक्यावर घेऊन, डोळे गच्च मिटून ती चौकटीला चिकटली. तांदूळ माझ्या पायांवरून सगळीकडे पसरले.

"टॉवेल घेत होतो," मी म्हणालो.

"हो, हो," ती घाईघाईनं म्हणाली आणि वर न बघता तांदूळ गोळा करायला लागली. "मला काय कळत नाही होय."

पुढे दुकानात अण्णांचं मशीन चालू होतं. त्यांच्याकडे तिचं लक्षही नव्हतं. ती मला घाबरली होती.